सकाळचा उजवा डोळा

‘हे टेस्ट नावाचे गृहस्थ कोण? वय नव्व्याण्णव लिहिलंय, ते खरं वाटत नाही. अकरा वर्षं रोज सकाळी येऊन डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढून जातात आणि एकदाही डॉक्टरांना भेटलेले नाहीत. उजव्या डोळ्यात काचबिंदू आहे, बराच पुढे गेलेला. ताबडतोब बोलावून घ्या.’ नव्या डॉक्टरीणबाईंनी फोटोखाली लाल अक्षरांत हे लिहून ठेवलं होतं आणि मी ते वाचलं तेव्हा माझ्या हातात चहा होता. आधी मला हसूच आलं. नवीन माणूस आलं की त्याला घराच्या खोडी माहीत नसतात. आमच्याकडे पहिला पेशंट खुर्चीत बसायच्या आत कॅमेऱ्याचा एक फोटो काढून बघायचा नियम आहे. उजेड सारखा पडतोय ना, कोपरे काळे येत नाहीत ना, तारीख बरोबर आहे ना. त्यासाठी एक डोळा लागतो. तो पहिल्या दिवशी माझा घेतला, कारण मी जवळ उभी होते, आणि उजवा घेतला, कारण यंत्र आदल्या संध्याकाळी उजवीकडेच सरकून राहिलं होतं. तेवढ्यावर अकरा वर्षं निघाली. मी हनुवटी टेकवायची, टोकनबाईनं खिडकी सोडून आत येऊन बटण दाबायचं. ती बाहेर पेशंटांना नंबर वाटते म्हणून टोकनबाई, मी फोटो काढते म्हणून फोटोबाई. आमची खरी नावं पगाराच्या दिवशीच काय ती निघतात. नावाशिवाय यंत्र पुढे जात नाही म्हणून तिनं तेव्हा ‘टेस्ट’ टाकलं, वयाच्या चौकटीत हाताला आला तो नऊचा आकडा दोनदा दाबला, आणि पुरुष की स्त्री यात पुरुष वर असतो म्हणून पुरुष. तर ते गृहस्थ मी. हसू इथपर्यंत टिकलं. मग मी ते वाक्य परत वाचलं, आणि चहा खाली ठेवला.

भीती वाटायला हवी होती. ती येईल म्हणून मी थोडी वाटही बघितली. पण आली ती निराळीच गोष्ट, भिंतीपलीकडे कुणीतरी आपल्याबद्दल बोलतंय आणि आपण कान लावावा, तशी. मी माणसांचा हिशेब ठेवणारी बाई आहे. खुर्चीत बसणारा माणूस हनुवटी टेकवायच्या आत मी त्याला कुठल्या तरी खात्यात टाकून मोकळी होते. प्रकाश चमकायच्या आधीच मागे सरकणारे, त्यांना घरी कुणीतरी सारखं ओरडत असतं. श्वास रोखून धरणारे, हे आज्ञाधारक, यांचे फोटो उत्तम येतात आणि यांचंच दुखणं उशिरा कळतं. यंत्राला ‘सॉरी’ म्हणणारे. ‘किती मार्क पडले?’ विचारणारे निवृत्त मास्तर. गेल्या वर्षी दोन सख्ख्या बहिणी एकाच दिवशी वेगवेगळ्या वेळा मागून आल्या, समोरासमोर यायला नको म्हणून. दोघींच्या पडद्यावर वरची शीर एकाच ठिकाणी एकसारखी मुरडलेली. मी दोघींनाही सांगितलं नाही, पण मला तो दिवस फार चांगला गेला. चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. दुकानात कुणी ओळखीचं हसलं की मनात येतं, बाई गं, जरा हनुवटी टेकव, मग सांगते तू कोण ते. आणि इतक्या लोकांना मागच्या बाजूनं ओळखणाऱ्या मला माझा स्वतःचा डोळा दुसऱ्या कुणीतरी ओळखून दाखवावा, तेही नव्व्याण्णव वर्षांचा पुरुष समजून, यात काहीतरी होतं. ते काय, ते मला बघायचं होतं.

फोटो दोन हजार नऊशे चौदा. मी अगदी शेवटच्यापासून मागे जायला लागले, मग पहिल्यापासून पुढे. बटण दाबून धरलं की ते भराभर सरकतात आणि चित्र हलल्यासारखं दिसतं. शिरांचं झाड जिथल्या तिथे. मधला काळसर डाग, ज्यानं आपण वाचतो, तोही जागेवर. बाजूला ती पिवळट चकती, जिथून डोळ्याची नस मेंदूकडे निघते. तिच्या मध्यावर एक फिकट खळगा असतो, त्याला आम्ही कप म्हणतो. सगळ्यांना असतो. मी शिकाऊ मुलींना सांगते, बशीत कप ठेवलाय असं समजा. कप लहान, बशीची कड चांगली जाड, म्हणजे ठीक. कप मोठा व्हायला लागला म्हणजे कड झिजतेय, म्हणजे नसेचे धागे मरतायत. हे मी किती वेळा सांगितलं असेल, त्याचीही मोजदाद असायला हरकत नाही. तर माझ्या पहिल्या फोटोत बशी होती आणि तिच्यात एक छोटासा, खेळण्यातला म्हणावा तसा कप. बटण दाबून धरलं. कुठेच काही घडत नव्हतं. दोन शेजारच्या दिवसांत तर नाहीच, दोन महिन्यांतही नाही. फक्त शेवटी थांबले तेव्हा कप खाली घसरून बशीच्या काठाला टेकला होता, आणि खालच्या बाजूला कड म्हणावी असं उरलं होतं नखाच्या कोरीइतकं. मी परत पहिल्यावर गेले. परत शेवटी. कुठल्या दिवशी झालं हे? मला दिवस हवा होता. एक कुठली तरी सकाळ, जिच्यावर बोट ठेवून म्हणता येईल की हीच ती. अशी सकाळ त्या दोन हजार नऊशे चौदांत नव्हती.

एक मात्र सापडली. सकाळ नव्हे, तेवीस सकाळी. तीन वर्षांपूर्वी चकतीच्या खालच्या काठावर एक बारीक लाल रेघ, दोऱ्याच्या तुकड्यासारखी. ती बघितली आणि ते दिवस मला लख्ख आठवले, कारण त्या दिवसांत मी फार काम केलं होतं. पहिल्या दिवशी मी म्हटलं भिंगावर दोरा चिकटलाय. मऊ कापडानं पुसलं. दुसऱ्या दिवशी फुंकणीनं हवा मारली. तिसऱ्या दिवशी टोकनबाई म्हणाली, “अहो फोटोबाई, पुसून पुसून काच झिजवाल. राहू द्या की एक रेघ, कुणाचं काय अडलंय?” मी तिला म्हटलं, तुम्हाला खिडकीतून नंबर वाटायचे असतात, तुम्हाला काय कळणार यंत्राची काळजी. मग यंत्रवाला माणूस बोलावला. त्यानंही पुसलं, आतली एक रबरी चकती बदलली, कागदावर माझी सही घेतली. रेघ होतीच. पेशंटांच्या फोटोत ती नव्हती, हे मला तेव्हाही दिसत होतं. त्यावर मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, यंत्र सकाळी गार असतं. चोविसाव्या दिवशी रेघ गेली, आणि मी जुन्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं, “सर, मशीन सुधारलं.” ते म्हणाले, “वा.” ते रक्त होतं. काठावर फुटलेलं, काचबिंदू पुढे सरकतोय याची पाटी म्हणावी असं. तसली रेघ पेशंटच्या फोटोत असती तर मी खोलीच्या या टोकावरून ओळखली असती आणि त्याच्या बायकोला बाजूला घेऊन म्हटलं असतं, यांना आजच्या आज डॉक्टरांना दाखवून जा. असं मी केलेलं आहे. पण सकाळचा फोटो डोळ्याचा नव्हताच ना. तो यंत्राचा फोटो होता. मी फक्त त्याच्यात तोंड घालून बसत होते.

लाल अक्षरांखाली मी लिहिलं, ‘पेशंट इथेच असतो.’ दहा मिनिटांत डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. वयानं माझ्या भाचीएवढ्या, चालणं मात्र धडाधड. “कुठे आहेत आजोबा?” त्यांनी खोलीभर बघितलं. मी हात वर केला. शाळेत करतात तसा. का, मला माहीत नाही. त्या हसल्या, मग हसणं तसंच ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ते काढून घेतलं. “तुम्ही? मॅडम, पण तुम्ही तर रोज...” पुढचं त्यांनी गिळलं. “डाव्याचा फोटो कधी काढलाय?” म्हटलं, कधीच नाही, यंत्र उजवीकडे असतं सकाळी. त्यांनी स्वतः मला बसवलं, डावा काढला. डावाही त्याच वाटेवर, दोन-तीन वर्षं मागे एवढंच. “घरात कुणाला होतं?” मी नाही म्हटलं. सवयीनं म्हटलं. फॉर्मवरच्या त्या ओळीत आमच्या घरी नाहीच लिहिलेलं असतं. “उद्या सकाळी फील्ड करू. नजरेचा किती भाग उरलाय ते त्याच्यातून कळेल, आणि थेंबांवर भागेल की ऑपरेशन, ते त्यावरच ठरवायचंय मला. गेलेलं परत येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं. उरलेलं राखायचं. म्हणून नीट द्या ती टेस्ट, मॅडम. खरी द्या.” खरी द्या असं त्या का म्हणाल्या, त्याचं मला दिवसभर नवल वाटत राहिलं. त्यांना काय माहीत होतं?

घरात कुणाला होतं. आई सुईत दोरा पहिल्या खेपेला ओवायची आणि मागे वळून स्टुलाला धडकायची. मग स्टूल हलवलं कुणी यावर घर डोक्यावर घ्यायची. तिच्या घरात प्रत्येक वस्तूची जागा खिळा ठोकल्यासारखी ठरलेली. चप्पल वीतभर सरकली तरी धपाटा. भावाचे धपाटे आणि माझे धपाटे मी मोजत असे आणि त्याचे कमी भरत म्हणून चिडत असे. मला वाटायचं, ही शिस्त. पाहुणे म्हणायचे, काय टापटीप आहे. एकदा मामानं तिला जबरदस्तीनं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, मी बरोबर. तक्त्यावरची शेवटची ओळ तिनं घडाघडा वाचली. मग डॉक्टरांनी तिला आपल्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि दोन्ही हात बाजूला लांब धरून बोटं हलवायला सुरुवात केली. हललं की सांगा. आई सांगत गेली. उजवं. डावं. आता वरचं. एकही चुकलं नाही. बाहेर आल्यावर पायऱ्यांवर माझ्या दंडाला धरून, तीच मला सांभाळून उतरवतेय असं लोकांना वाटेल अशा बेतानं, ती खुदकन हसली आणि म्हणाली, “शर्टाला काय कडक इस्त्री होती गं मेल्याच्या. हात हलला की बाही करकरायची. कानानं पास झाले.” मला तिचा इतका अभिमान वाटला होता. ही गोष्ट मी शाळेत सांगितली, नवऱ्याला सांगितली, टोकनबाईला तर दोनदा. गंमत म्हणून. आईच्या हुशारीची गोष्ट म्हणून. तिला दिसत नव्हतं, हा त्या गोष्टीचा भाग मी रोज याच खोलीत बसून कधी ऐकलाच नव्हता.

संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटाचं दार उघडं. त्याच्या कोपऱ्यानं वर्षभरात माझं कपाळ चारदा फोडलंय, आणि चारही वेळा मी ते नवऱ्याच्या नावावर मांडलंय. तो दर वेळी म्हणतो, “अगं, मी उघडलंच नव्हतं,” आणि मी दर वेळी म्हणते, “मग काय वाऱ्यानं उघडलं?” आज मी दाराच्या वाटेला गेले नाही. खुर्चीवर बसले, डावा डोळा हातानं झाकला, समोरच्या खिळ्यावर नजर धरली आणि एक चमचा डोक्यावरून हळूहळू खाली आणायला लागले. काळं काही दिसेल असं मला वाटलं होतं. किंवा धुकं. पेशंट विचारतात ना, काळं दिसतं का हो तिथे? मी ठोकून देते, हो, सावलीसारखं. तसं काही नव्हतं. भिंत होती, पूर्ण भिंत, पोपडा उडालेली जागासुद्धा तिथेच असल्यासारखी, आणि चमचा नव्हता. मग एकाएकी होता. मी परत वर नेला. गेला. इतकी सफाई! डोळा मला जे दाखवत नव्हता ते दाखवत नाही असंही दाखवत नव्हता. भोकावर भिंतीचाच तुकडा बेमालूम लावून मोकळा. आपण इतकी माणसं ओळखली, पण असला लबाड खुर्चीत बसला नव्हता कधी. मी चमचा वर-खाली करत राहिले. खरं सांगायचं तर मजा येत होती.

“चमच्याला दृष्ट लागलीय का?” नवरा दारात उभा. मी त्याला चमचा दिला आणि म्हटलं, माझ्या वरच्या बाजूला धर, मी खिळ्याकडे बघते. त्याला वाटलं खेळ आहे. “आता दिसतो?” “नाही.” “आता?” “नाही.” “आता तरी?” “नाही रे.” “अगं, कपाळाला लागेल आता! चेष्टा करतेस?” मी खिळ्याकडेच बघत राहिले. चमचा त्यानं ओट्यावर ठेवला, आवाज न करता, आणि वरच्या कपाटांची दारं एकेक करून लावत गेला. जी लावलेली होती तीही हात लावून बघितली. मग पाठमोराच म्हणाला, “म्हणजे ते चार वेळा...” म्हटलं, “चारही तुझ्या नावावरून काढून टाक.” “राहू दे तिथेच,” तो म्हणाला, “मला सवय झालीय.” त्यानंतर आम्ही जेवलो. जेवताना तो माझ्या कपाळाकडे बघत होता, हे मला न बघता कळत होतं, आणि मग मी विचार करायला लागले की न बघता मला आजवर काय काय कळत आलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळचा फोटो मी काढला नाही. तेवढ्या वेळात फील्डच्या खोलीत जाऊन बसले. अंधारी खोली, आत मोठी पांढरी वाटी असलेलं यंत्र, हनुवटीला टेकण, हातात बटण, आणि कोपऱ्यात पंखा. पंखा खडखडतो म्हणून टेस्ट चालू असताना बंद ठेवायचा असतो. टोकनबाईला यंत्र चालवायला मीच शिकवलंय. तिनं माझ्या डाव्या डोळ्यावर पट्टी बांधली आणि माझीच वाक्यं माझ्याच चालीत सुरू केली. “समोरच्या पिवळ्या दिव्याकडेच बघायचं. बाजूला कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. ठिपका शोधायला डोळा फिरवायचा नाही. सगळे दिसणार नाहीत, घाबरायचं नाही. ही परीक्षा नाही. आणि काका, डोकं हलवायचं नाही.” “काका कोण?” “नव्व्याण्णव वर्षांचा पुरुष. मी काय चुकीचं बोलले?” आम्ही दोघी हसलो. तिचा हात माझ्या डोक्यामागे पट्टीच्या गाठीवर जरा जास्त वेळ राहिला. मग ती पलीकडे गेली, स्क्रीनच्या मागे, आणि यंत्र सुरू झालं.

खाली ठिपका. दाबलं. उजवीकडे. दाबलं. सोपं होतं. मला वाटलं, इतकं सोपं आहे हे, लोक उगाच घामाघूम होतात. मग टिक झालं आणि ठिपका आला नाही. हे फक्त आम्हालाच माहीत असतं: प्रत्येक ठिपक्याच्या आधी यंत्रातला आरसा वळतो त्याची बारीक गुरगुर होते, आणि ठिपका उमटतो त्या क्षणी टिक. पेशंटला ते ऐकू येत नाही, कारण त्याला ते काय आहे ते ठाऊक नसतं. मी हजारो वेळा त्या आवाजाशेजारी बसून जांभया दिल्यात. गुरगुर, टिक. काही नाही. गुरगुर, टिक. काही नाही. समोर नुसती पांढरी वाटी, स्वच्छ, कुठेही उणी नाही. माझा अंगठा मात्र हलला. मी दाबलं नाही. तो हलला, एवढंच. पुढच्या टिकला परत. तो माझ्याआधी ऐकत होता. मधूनमधून यंत्र फसवायला नुसताच आवाज करतं, खोटारडे पकडायला, तेही मला माहीत. पण किती वेळानं करतं तेही मला माहीत. यंत्राला पकडता येणार नाही अशी एकच पेशंट या इमारतीत होती आणि ती खुर्चीत बसली होती. न दिसलेल्या दहातले चार दाबले तरी निकालाचा कागद गोरा येईल. थेंब लिहून देतील. कॅमेरा माझ्याकडेच राहील. सगळं आहे तसं राहील, चप्पल चपलेच्या जागी, स्टूल स्टुलाच्या. टिक. बाही करकरली. टिक. उजवं. टिक. आता वरचं. पायऱ्यांवर दंडाला धरलेला हात किती घट्ट होता ते मला इतक्या वर्षांनी आत्ता लागलं. बोटं रुतली होती तिची. ती हसत होती आणि बोटं रुतत होती.

“छान चाललंय,” टोकनबाई म्हणाली. हे वाक्यही माझंच. स्क्रीनवर काळे चौकोन भरत चालले की मी ते म्हणते; ठीक असलं की मी गप्प असते. तिला ते नीट शिकवलं होतं मी. म्हणजे मी अंगठा धरून ठेवल्याचं तिथे दिसत होतं. मला एकदम तिच्या जागेवर जाऊन बघावंसं वाटलं, किती भरलेत, कुठल्या बाजूनं, भोकाचा आकार कसा आहे. माझ्याच आत कुठलासा नकाशा निघत होता आणि मी त्याची शेवटची वाचक. गुरगुर. टिक. अंगठा अर्धा खाली गेला होता.

“पंखा लावा,” मी म्हटलं.

“आत्ता? मध्येच? अहो, तो केवढा वाजतो. आणि डोळा सुकेल.”

“भिंतीकडे तोंड करा त्याचं. मोठा लावा.”

“तुम्हीच तर म्हणता...”

“मी म्हणते ते मला माहिताय. लावा.”

ती उठली. चपलांचा आवाज, मग बटणाचा. पंखा आधी कण्हला, मग त्यानं खोली खडखडाटानं भरून टाकली, आणि त्याच्याखाली कुठेतरी गुरगुर गेली, टिक गेली, टोकनबाईचं पुढचं ‘छान चाललंय’ही गेलं असेल. पिवळा दिवा होता. पांढरी वाटी होती, भरल्यासारखी. आता त्यात ठिपका येऊन जातोय की येतच नाहीये, हे मला खरोखरच कळत नव्हतं. मी अंगठा बटणावर सैल ठेवला आणि बघत राहिले.